परवान्यातले पन्नास मीटर

माझ्या चुलत भावानं आयुष्यात एकदाच केसांना कलप लावला, आणि तोही माझ्यासाठी. त्या कलपानं त्याच्या कानांमागे पुरळ उठलं, कपाळाची कड दोन दिवस लाल होती. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती आणि विचारत होती, "आता या वयात कुनासाठी नटलाव?" तो कानामागे खाजवत राहिला. मी शेजारीच चहा पीत बसलो होतो.

हे सांगायचं तर आधी बोटीचं सांगायला हवं, आणि बोटीचं सांगायचं तर त्याच्याही आधी पुराचं.

आम्ही मूळचे बदलापूरजवळच्या खरवईचे. मी बारा वर्षांचा होतो, तो अकराचा. पावसाळ्यात नदी तांबडी झाली की वरून लाकडं वाहत यायची, आणि गावातली माणसं काठावर लांब काठ्यांचे आकडे घेऊन ती ओढायला उभी राहायची. चुलीला वर्षभराचं सरपण फुकट मिळायचं. आम्हाला तिकडे जायला सक्त मनाई होती, म्हणून आम्ही गेलो. एक चांगला जाडजूड ओंडका काठाशी आला, मी वाकलो, पायाखालचा चिखल सरकला आणि मी आत गेलो. पुढचं मला फारसं आठवत नाही. नाकातोंडात गढूळ पाणी, आणि मग डोक्यात अशी कळ, की कुणीतरी कवटीच उपटतंय. त्यानं माझे केस धरले होते. तो अकरा वर्षांचा पोरगा मला केसांना धरून कुठल्याशा बाभळीपर्यंत घेऊन गेला. घरी कळलं असतं तर दोघांची सालटी निघाली असती. म्हणून आम्ही कपडे वाळेपर्यंत देवळामागे उघडे बसलो आणि कुणालाही काही सांगायचं नाही असं ठरवलं. कुणाला कळलंही नाही. तो तसाही नदीतच वाढला, मी मात्र त्यानंतर गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नाही.

पुढे मी शिकलो, अंबरनाथला एमआयडीसीत एका कंपनीत लागलो, तिथे क्वालिटी बघतो. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या मालावर मी 'पास' किंवा 'रिजेक्ट' असा शिक्का मारतो. भाऊ पाचवीतच शाळेला रामराम ठोकून शेतीत राहिला.

माझं लग्न ठरायच्या वेळी मुलीकडची मंडळी बघायला आली. आमच्याकडे अशा वेळी मुलाची बाजू सजवायचं काम नातेवाइकांचं असतं. काका म्हणतो, मुलगा सुपारीचं खांड तोंडात घालत नाही. मामा म्हणतो, लवकरच साहेब होणार. ऐकणाऱ्यांनाही माहीत असतं की यातलं निम्मं सोडून द्यायचं. त्या दिवशी माझा चहा बशीत सांडला होता, आणि सासऱ्यांनी विचारलं, "बाकी काय आवड वगैरे?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा दाराशी पोह्यांची बशी घेऊन बसलेला भाऊ एकदम म्हणाला, "आवड नाय मना माहीत, पन यानं मना पुरातना काढलाय. मी बुडत व्हतो. केस धरून काढला."

सासरे माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागले. मंडळींबरोबर आलेली मुलगी आत बायकांत बसली होती, दाराआडून तिचे दोन डोळे दिसले, ती माझी बायको. तिनं नंतर कितीतरी वेळा सांगितलंय, की पगार ऐकून ती नाही म्हणणार होती, पण हे ऐकलं आणि होकार दिला. त्या क्षणी मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. भावानं मला डोळा मारला आणि उरलेले पोहे संपवले.

त्यानं एका दुपारपुरतं खोटं बोलून दिलं होतं, पाहुण्यांसमोर चांगली गादी अंथरावी तसं. पाहुणे गेल्यावर मी ती गुंडाळून ठेवायला हवी होती. मी तिच्यावर पंचवीसहून जास्त वर्षं झोपलो.

बायको माहेरी सांगायची, सोसायटीत सांगायची. मुलगी झाली, ती शाळेत गेली, तिनं 'माझे बाबा' या निबंधात ते लिहिलं आणि तिच्या बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मुलगी झोपताना म्हणायची, पुराची गोष्ट सांगा. आणि मी सांगायचो. सुरुवातीला दोन वाक्यांत आटपायचो. मग तिच्यात ओंडका आला, बाभूळ आली. एकदा मी माझी मूठ वळून तिला दाखवली, "असे धरले मी काकाचे केस." ज्या मुठीनं माझे केस धरले होते तीसुद्धा मी चोरली. भाऊ घरी आला की मुलगी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून विचारायची, "काका, दुखलं होतं का हो?" तो म्हणायचा, "दुखला तर! तुझा बापूस लय जोरान वढतो."

मला वाटायचं, त्याला यात मजा येते. खरं तर मी त्याला कधी विचारलंच नाही.

आता बोट. चिखलोलीला नवं स्टेशन होणार म्हणून तिकडच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. भावानं तिकडचा एक तुकडा विकला आणि बदलापूरच्या पलीकडे नदीकाठी जी वडिलोपार्जित जागा होती तिथे दोन खोल्या, मोठी पडवी, आंब्याची झाडं असं बस्तान मांडलं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तिथे पाणी थांबतं, रुंद आणि संथ. त्यानं कुठूनशी एक जुनी फायबरची मोटरबोट आणली. पांढरी, सहा माणसांची, मागे इंजिन. एका रविवारी आम्हाला सगळ्यांना बोलावून त्यानं बोटीला हार घातला, नाकावर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. तिच्यात पाय ठेवण्याआधी त्यानं चपला काढल्या आणि आम्हालाही काढायला लावल्या. देवळात काढतो तशा.

जेवताना विषय निघाला. बोटीची नोंदणी झाली होती, पण चालवायला परवाना लागणार होता. घरच्या माणसांना फिरवायचं झालं तरी लागतोच. त्यासाठी एक कोर्स होता: नियमांची लेखी परीक्षा, बोटीवरची परीक्षा, डॉक्टरचा दाखला. भाऊ म्हणाला, "माझ्याच्यान लिवना-वाचना काय व्हनार? ती पुस्तका बघून मना झोप येते."

"मग हे आहेत ना!" माझी बायको म्हणाली. "शिकलेले आहेत, आणि पाण्यातलेसुद्धा. यांच्याइतकं कोण मिळणार तुम्हाला, भावोजी?"

"बाबा, घ्याच तुम्ही," मुलगी म्हणाली. तिला तेव्हा नोकरीला लागून वर्ष झालं होतं, आणि अजूनही ती माझ्याकडे त्या निबंधातल्या डोळ्यांनी बघायची. "कॅप्टन बाबा!"

भावानं माझ्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता की मी काहीतरी कारण सांगीन. पाठ दुखते, वेळ नाही, काहीही. मी म्हणालो, "घेऊ की. त्यात काय आहे?"

खरं सांगायचं तर मला तो परवाना हवासा वाटला. बावन्नाव्या वर्षी कुणी कॅप्टन म्हणतंय म्हटल्यावर माणूस फुगतो. मी तर जरा हवा लागली तरी फुगणारा.

कोर्सचं पुस्तक मी वहीत टिपणं काढून वाचलं. समोरून बोट आली तर कुणी कुठल्या बाजूला वळायचं, कुठला दिवा कुठल्या बाजूला, इंजिन बंद पडलं तर काय. लेखी परीक्षेत माझा एकच प्रश्न चुकला. बोटीवरचं शिक्षण मुंबईच्या बाजूला खाडीत होतं, चार शनिवार-रविवार. तिथेही मी बरा निघालो. लाइफ जॅकेट अंगात असलं की मला पाण्याची भीती अर्धी व्हायची, आणि हातात स्टिअरिंग असलं की उरलेली अर्धी. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक लाल दोरी बांधतात, दुसरं टोक इंजिनाच्या बटणाला. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. ती दोरी मला फार आवडली. 'माणूस पाण्यात पडला' असा सराव असायचा. शिकवणारे नारंगी गोळा पाण्यात फेकायचे आणि आम्ही वळसा घालून, वाऱ्याकडे तोंड करून, इंजिन बंद करून तो उचलायचा. पूर्ण तुकडीत माझा गोळा सगळ्यात झटकन वर यायचा. शिकवणारे म्हणाले, "काका, तुम्ही कुणाचा तरी जीव वाचवणार." मी हसलो आणि म्हणालो, "वाचवलाय की एकदा." हे मी का म्हणालो, मला ठाऊक नाही. तिथे तर मला कुणी विचारलंही नव्हतं.

शेवटी एक कागद राहिला. कुठल्याही तलावाच्या कोचकडून पत्र आणायचं होतं, की हा इसम कपड्यांसह पन्नास मीटर पोहतो आणि काही मिनिटं तरंगतो. हे पहिल्या दिवशीच्या यादीत होतं. मी ते वाचलं होतं आणि होईल काहीतरी म्हणून पान उलटलं होतं.

मी भावाकडे गेलो. आम्ही नदीच्या पायरीवर बसलो.

"पवाया येतो का तुला आता?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मना वाटला, तिथं अंबरनाथला शिकला असशील कंदीतरी."

तीन सकाळी त्यानं मला नदीत उतरवलं. पोटाखाली हात धरायचा, म्हणायचा, "मी हाय ना, कला घाबरतंस?" मी तोंड पाण्याला लावलं की ते तांबडं पाणी आठवायचं आणि मी त्याच्या गळ्यालाच पडायचो. तिसऱ्या सकाळी माझ्या नखांनी त्याच्या खांद्यावर ओरखडे उठले. काठावर येऊन अंग पुसताना मीच बोललो, "तू जातोस का माझ्याऐवजी? फोटोत आपण सारखेच दिसतो."

खरंच दिसतो. आमच्या घराण्याचं नाकच तसं आहे. फरक एवढाच, की माझे केस काळे, म्हणजे मी काळे करतो, आणि त्याचे पांढरे शुभ्र. तो नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "येतो." एवढंच. तो जर म्हणाला असता, की दादा, हे बरं नाय, तर मी थांबलो असतो. असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. थांबलो नसतो. चिडलो असतो.

तर असा तो कलप.

अंबरनाथच्या एका तलावावर शनिवारी सकाळी आम्ही गेलो. कोचनं यादीतून नाव पुकारलं, माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आमचं आडनाव. आणि भाऊ उठला. फॉर्मवरचा फोटो बघून कोच म्हणाला, "फोटोत जरा जाड दिसता." भाऊ म्हणाला, "कमी केला वजन." मी वर पायऱ्यांवर त्याचा टॉवेल आणि चष्मा घेऊन बसलो होतो, भाऊ म्हणून. तो शर्ट-पँटसकट उतरला. त्या निळ्या पाण्यात तो असा गेला, जणू घरच्याच अंगणातून चाललाय. पन्नास मीटर संपल्यावर तो थांबलाच नाही, अजून एक फेरी मारून आला. मग उताणा पडून तरंगत राहिला, डोळे मिटून. कोच म्हणाला, "शाब्बास! नदीतले दिसता." आणि मी टाळ्या वाजवल्या. मोठ्यांदा, दोन्ही हात वर करून. मला खरोखर आनंद झाला होता, जणू मीच पोहलो.

त्या संध्याकाळी जेवताना मुलीनं विचारलं, "कसं झालं?" मी काय कमी आहे? म्हणालो, पाणी गार होतं, पण नदीची सर नाही. म्हणालो, शेवटच्या दहा मीटरमध्ये जरा दम लागला, वय झालं आता. म्हणालो, कोच शाब्बास म्हणाला. बायको कौतुकानं ऐकत होती. मुलगी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अजून एक पोळी वाढू, बाबा?"

परवाना आला. बायकोनं त्याला फ्रेम केली. एक प्रत आमच्या हॉलमध्ये लागली, एक भावाच्या पडवीत.

उल्हासनगरला लाइफ जॅकेट घ्यायला मीच गेलो. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, पक्का माल है, डूबने का सवालही नहीं." मी शिवण ओढून बघितली, बक्कल दहा वेळा उघडलं-लावलं, कंपनीतली सवय. सहा जॅकेटं घेतली. त्यातलं एक जाड, मानेमागे उशी असलेलं, मी वेगळं काढून ठेवलं. तो म्हणाला, "ये किसके लिए? जिसको तैरना नहीं आता?" मी म्हणालो, "मेहमान के लिए."

सात-आठ महिने मजेत गेले. रविवारी मी बोट काढायचो, भाऊ पुढे बसायचा, काठाला बांधायची दोरी तो सांभाळायचा. मी ते उशीवालं जॅकेट घालायचो आणि सांगायचो, नियम म्हणजे नियम. भाऊ पुढे उघडाबंब बसायचा, नियम त्याला लागू नसल्यासारखा. मुलगी फारशी यायची नाही. ऑफिसचं काम आहे म्हणायची.

मग तिचं स्थळ आलं. बदलापूरचीच माणसं, मुलगा नोकरीला, दोघं आधी एकदा भेटून आले होते, पत्रिकाही जुळली होती. आता फक्त मोठ्यांनी मोठ्यांना बघायचं होतं. भाऊ म्हणाला, माझ्याकडेच आणा सगळ्यांना, नदीकाठी, मोकळं वाटेल. तो दिवस चांगला होता. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील पडवीत हिंडताना फ्रेमसमोर थांबले. "अरे वा! मोटरबोटीचा परवाना? स्विमिंगसकट?"

आणि भावाला जुनी सवय. मुलीची बाजू सजवायची होती ना. "यानं मना पुरातना काढलाय," तो म्हणाला. "केस धरून."

मी मान खाली घातली. तीच मान, तेवढीच खाली. वर पाहिलं तर मुलगी नदीकडे बघत होती.

मुलाची आई म्हणाली, मग आता चक्कर मारलीच पाहिजे. चपला काढून सगळे बोटीत बसले. मी, भाऊ, मुलगा आणि त्याचे आईवडील, आमची मुलगी. बायको जेवणाचं बघायला थांबली. मुलीनं सगळ्यांना जॅकेटं वाटली. भावानं नेहमीसारखं नको म्हटलं. मग ती माझ्याजवळ आली. उशीवालं जॅकेट तिनं स्वतः माझ्या अंगात घातलं. खालचा पट्टा मांड्यांमधून घेतला, ओढला, पुन्हा ओढला, बक्कल लावलं आणि दोन बोटं घालून बघितलं, सैल तर नाही ना. लहान मुलाला शाळेत पाठवताना बघतात तसं. मला वाटलं, किती काळजी करते बापाची.

आम्ही मधोमध आलो. ऊन चढलं होतं. मुलाच्या वडिलांनी बक्कल सोडलं. "फार उकडतंय हो यात," ते म्हणाले आणि जॅकेट काढून मांडीवर ठेवलं. मी म्हणालो, "राहू द्या ना अंगात." ते हसले. "अहो, असा कॅप्टन असताना आम्हाला काय धाड भरलीय? पडलो तर काढालच की." त्यांच्या बायकोनंही आपलं बक्कल सोडायला घेतलं. "आता व्याहीच होणार," ती म्हणाली, "केस तेवढे हळू धरा."

सगळे हसले. माझ्या पायाखाली वीसेक फूट पाणी असेल. दोन माणसं माझ्या भरवशावर जॅकेट काढून बसली होती. त्यातलं कुणी पडलं असतं, तर मी बोट वळवून आणली असती, अगदी नियमाप्रमाणे, आणि वरून बघत राहिलो असतो. मी मनगटाची लाल दोरी ओढली. इंजिन बंद झालं.

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो.

मुलाचे वडील खो-खो हसले. "बघा! परवाना भिंतीवर आहे, भावाला पुरातून काढलंय, आणि म्हणतात पोहता येत नाही. माणूस असावा तर असा."

"नाही हो, खरंच. उलटं आहे. यानं मला काढलं होतं."

"मोठेपणा आहे तुमचा," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. इतकी वर्षं मी खोटं बोललो तर लोकांनी ते खरं मानलं, आणि आता खरं बोललो तर त्याचाही मला मोठेपणाच मिळत होता. मी भावाकडे पाहिलं. तो दोरीची गाठ सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

"बाबा खरं बोलतायत," मुलगी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "त्यांना पोहता येत नाही. परीक्षेला तलावात काका उतरले होते. बाबांची आधारची कॉपी घरी राहिली होती, ती द्यायला मी गेले होते. पायऱ्यांच्या दाराशी उभी होते. जॅकेट घाला, काका. काकू, तुम्हीही."

'काका' ती मुलाच्या वडिलांना म्हणाली होती. त्यांनी जॅकेट उचललं आणि घातलं. बक्कल लागल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या बक्कलाचा. मी इंजिन सुरू केलं नाही. मी उठून भावाला म्हणालो, "तू घे," पण मग आठवलं की परवाना तर माझ्याच नावावर आहे. शेवटी मीच बोट काठाला आणली.

पाहुणे जेवून गेले, न जेवता जाणं बरं दिसलं नसतं. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला, की पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका पुन्हा न जुळणं हे आपल्याकडे होतं. मुलगी म्हणाली, "ठीक आहे." बायको दोन दिवस फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं हॉलमधली फ्रेम काढली आणि म्हणाली, "मी हो कुणाला म्हटलं होतं मग?"

मुलीला मी विचारलं, "तेव्हाच का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "काका बाहेर आले तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होतात, बाबा. इतके खूश होतात. मला वाटलं, जेवताना सांगाल."

जेवताना मी काय सांगितलं होतं ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. गार पाणी. शेवटचे दहा मीटर. आणि तिनं विचारलेली पोळी.

खरं काय ते पत्रात लिहून मी परवाना कोर्सवाल्यांकडे परत पाठवला. त्यांनी तो रद्द केला. आता बोट पालथी पडून आहे आणि भाऊ परीक्षेला बसतोय. दर रविवारी मी त्याला पुस्तक वाचून दाखवतो, मराठीत करून सांगतो. त्याला झोप येत नाही. समोरून बोट आली तर काय, हे मी पाठ करून शिकलो, तो हात हलवून सांगतो आणि बरोबर सांगतो. मी त्याला एकदा म्हटलं, "तुझी माफी मागायची आहे मला." तो म्हणाला, "पुढला पान वाच."

पोहण्याच्या पत्रासाठी आम्ही त्याच तलावावर गेलो. या खेपेला मुलगीही बरोबर होती. त्याचे केस पुन्हा पांढरे झाले होते, तरी कोचनं ओळखलं. माझ्या नावानं त्याला हाक मारून म्हणाला, "अहो, तुम्हाला तर मी पत्र दिलंय की!" मग मला पुढे होऊन सांगावं लागलं की ते नाव माझं आहे. सगळं सांगितलं. पोरांना न्यायला आलेल्या आया ऐकत होत्या. कोच मला दहा मिनिटं बोलला आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. भाऊच मध्ये पडला, "जाव द्या हो सर, मोठा हाय तो माझा."

शेवटी मी आणि मुलगी वर पायऱ्यांवर जाऊन बसलो, कोचनं नवा फॉर्म घेतला आणि नाव पुकारलं. भावाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आमचं आडनाव. शर्ट-पँट घालून पाण्याच्या कडेला उभा असलेला माझा भाऊ जागचा हलला नाही. त्यानं आधी वर माझ्याकडे पाहिलं, जाऊ का म्हणून.